अर्ध्या इंचाची वेल्डमेश: परड्यातल्या खारींसाठी, दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

जाळी घेणार असाल तर वेल्डमेश, म्हणजे सांधे जोडलेली तारेची जाळी घ्या, आणि तीही अर्ध्या इंचाच्या घरांची. पाऊण इंची नको, एक इंची तर नकोच, आणि नायलॉनची कुणी फुकट दिली तरी लावू नका. घाई असेल त्याने एवढं वाचून दुकानात जावं. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी पुढचं लिहितो. हे सांगणारं कुणी मला आधी भेटलं असतं तर पैसे वाचले असतेच, पण दोन मुके जीवही माझ्या परड्यात अडकले नसते.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात तीन पिढ्या मागाचं काम. आजोबा हातमागावर शहापुरी साड्या विणायचे. माझ्याकडे चार पावरलूम होते, त्यातले दोन अजून चालू आहेत. घरामागे 30 फूट बाय 45 फुटांचं परडं. त्यात दोन पेरू, एक चिकू, एक नारळ आणि हौदाजवळ डाळिंबाचं झुडूप ही आईने लावलेली झाडं. बाकी जागा मोकळीच होती. 2020 साली लॉकडाऊनमध्ये सूत येईना, माग बंद पडले, आणि रोज आठ तास चालणारे हात मांडीवर ठेवून बसणं मला जमेना. तेव्हा परडं खणायला घेतलं. टोमॅटो, वांगी, मिरच्या, कोथिंबीर, दोडक्याचा वेल, एका कडेला भुईमूग आणि मक्याच्या दोन ओळी. माती काळी, शेणखत गवळ्याकडून आणलेलं. पहिल्या वर्षी इतकं पिकलं की गल्लीत वाटलं.

दुसऱ्या वर्षी खारी आल्या. म्हणजे त्या आधीपासून होत्याच, त्यांना बाजार कुठे भरतो ते तेव्हा कळलं. आई खारीला चानी म्हणायची, तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं. शेजारच्या अक्का कानडी, त्या इणची म्हणतात. भिंतीपलीकडून त्यांची हाक आली, "इणची बंतु नोड्री!" की मी हातातलं काम टाकून मागे पळायचो. आमच्याकडची खार ती तीन पट्ट्यांची. उत्तरेकडे पाच पट्ट्यांची असते. वजन जेमतेम 100 ग्रॅमच्या आसपास. पण पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यामुळे पोट भरलं म्हणून ती थांबत नाही. एका टोमॅटोचे दोन चावे, मग पुढचा टोमॅटो. पेरलेले शेंगदाणे तर तिने ओळीने उकरले, जणू कुणी काडीने मोजून भोकं पाडलीत. डाळिंब बाहेरून बघाल तर झाडावर नीट लटकलेलं, हातात घेतलं तर आत टरफल.

एक गोष्ट मात्र आधी तपासा, कारण मी स्वतः तीन आठवडे चुकीच्या प्राण्यावर राग धरून होतो. खार दिवसा फिरते. रात्री ती घरट्यात असते. संध्याकाळी साबूत असलेला पेरू पहाटे खाल्लेला दिसला तर तो उंदीर, घूस किंवा वटवाघूळ. वटवाघळाच्या जागी खाली चघळून टाकलेला चोथा पडलेला असतो. पक्ष्याने खाल्लेलं फळ टोचलेलं असतं, कडा फाटलेल्या. खारीच्या चाव्यात दोन दातांच्या शेजारी शेजारी रेघा दिसतात. आमच्याकडे पेरूचं निम्मं नुकसान वटवाघळांचं निघालं, टोमॅटो आणि भुईमुगाचं मात्र जवळजवळ सगळं खारींचं.

राग मनात होता, पण मागाच्या शेडमध्ये जे बघितलं त्यानंतर तो टिकला नाही. शेडच्या कौलाखाली, वाशाच्या कोपऱ्यात घरटं होतं. बाहेरून नारळाचा काथ्या, आणि आत माझं सूत. पदराच्या गुलाबी बाण्याचे तुटके धागे, काठाचा हिरवा, थोडी जर. फरशीवर पडलेला धागा मी रोज झाडून एका पोत्यात टाकतो, तिथून एकेक करून नेलेला. आत तीन पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. मी शिडीवरून उतरलो आणि त्या बाजूचा माग आठ-दहा दिवस चालवला नाही. तेव्हापासून माझ्यापुरतं ठरलं: खार परड्यात राहणार, मला फक्त माझे वाफे तिच्यापासून वेगळे करायचेत. पुढचं सगळं याच एका अटीवर बघा.

आधी जे फसलं ते थोडक्यात. जुन्या सीडी दोरीला बांधल्या, चार दिवस चालल्या. ऑनलाइन एक आवाजाचं यंत्र मागवलं, 1,299 रुपये. माणसाला ऐकू येत नाही असा आवाज काढून खार पळवतं असं त्यावर लिहिलेलं. असला आवाज पानाफांद्यांतून पलीकडे जात नाही आणि मोकळ्या जागेत लगेच विरतो, हे मला नंतर समजलं. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. मिरचीपूड आणि लसणाचं पाणी फवारलं, ते खरंच लागू पडतं. तिखट खारीला झोंबतं, पक्ष्यांना झोंबत नाही. पण एक पाऊस झाला किंवा पहाटे दव पडलं की धुऊन जातं. बेळगावात हिवाळ्यात दव किती पडतं ते इथल्याला सांगायला नको. दर दोन दिवसांनी फवारायचं आणि मग तोच टोमॅटो तीनदा धुऊन नातीला द्यायचा, ते बायकोला पटलं नाही. मलाही नाही. पाण्याचं भांडं ठेवणं मात्र उपयोगी आहे. मार्च-एप्रिलमध्ये खारी टोमॅटोवर येतात त्या पुष्कळदा तहानेने. पेरूखाली मातीचं पसरट भांडं भरून ठेवायला लागल्यापासून उन्हाळ्यातले चावे कमी झाले. थांबले नाहीत, कमी झाले.

आता नायलॉनबद्दल. हे नीट सांगायचंय.

2022 च्या दिवाळीनंतर मी हिरवी जाळी आणली, पक्ष्यांची जाळी म्हणून विकतात ती. 10 फूट बाय 30 फुटांचा तुकडा 450 रुपयांना. हलकी, स्वस्त, तासाभरात वाफ्यावर ताणून झाली. तिसऱ्या दिवशी खारीने मुठीएवढं भोक पाडलं. नायलॉन तिच्या दातांपुढे दोराच आहे. मी भोक शिवलं, तिने शेजारी दुसरं पाडलं. असं तीन महिने चाललं. मग एका सकाळी जाळीत एक शिंजीर सापडला. दोडक्याच्या फुलांवर यायचा, जांभळा, अंगठ्याएवढा. पाय अडकून उलटा लटकून मेला होता. मी तो पुरला आणि जाळी आणखी ताणून बांधली, कारण दुकानदार म्हणाला होता की सैल जाळीत पक्षी अडकतात, ताणलेल्या जाळीत नाहीत. तेव्हाच उतरवायला हवी होती.

2023 च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. आमच्याकडे बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलं की उंदीर, घुशी आणि त्यांच्या मागे साप, सगळे उंचावर, म्हणजे आमच्या घरांकडे येतात. सकाळी सहाला बायको कोथिंबीर तोडायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, इकडे या, पण हळू या!" वाफ्याच्या कडेला धामण होती, सहा फुटांहून लांब. जाळीत शिरली, पुढे जायला निघाली, आणि नायलॉनचा धागा खवल्यांच्या खाली गेला. सापाला मागे सरता येत नाही अशा जागी तो धागा बसतो. जितकी ती जोर करत होती तितका धागा मांसात उतरत होता. धामण बिनविषारी असते हे मला माहीत होतं, परड्यातल्या घुशींना तिचाच धाक असतो हेही माहीत होतं, पण हात लावायची हिंमत झाली नाही. गल्लीतल्या एका पोराने सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत बायको तिच्यावर तांब्याने पाणी सोडत उभी होती.

तो मुलगा वीस-बावीस वर्षांचा. माझी मागावरची छोटी कातर त्याने मागून घेतली, आणि एकेक धागा खवल्याखालून उचलून कापला. चाळीस मिनिटं लागली. मी शेपटी धरून होतो. धाग्यांशी माझा आयुष्यभराचा संबंध, पण त्या दिवशी हातात धरलेला धागा मला सोसेना. दोन ठिकाणी कातडी आतपर्यंत कापली गेली होती. त्याने जखमा पुसल्या, दोन दिवस आपल्याकडे ठेवली, आणि मग येळ्ळूरच्या बाजूला शिवारात सोडली असं फोन करून कळवलं. मी त्याच संध्याकाळी जाळी उतरवली आणि वितीएवढे तुकडे करून टाकली, उकिरड्यावर पडून आणखी कुणी अडकू नये म्हणून.

त्यानंतर घाईने कोंबड्यांची षटकोनी जाळी लावली, एक इंची. मोठी खार बाहेर राहिली, पण घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं सरळ आत शिरली. शिवाय ती जाळी नुसती पिळ्याची असते, सांधे जोडलेले नसतात. दातांनी आणि पंजांनी ओढून घर रुंद होतं. दीड महिना.

मग वेल्डमेश.

वेल्डमेश म्हणजे उभ्या-आडव्या तारा एकमेकींवर ठेवून प्रत्येक सांधा विजेने जोडलेली जाळी. आमच्या भाषेत बोलायचं तर ताणा आणि बाणा आहे, पण वर-खाली गुंफण नाही, प्रत्येक ठिकाणी टाका आहे. त्यामुळे एक तार तुटली तरी उसवत नाही. घर अर्धा इंच, म्हणजे साधारण 12 मिलिमीटर. खारीच्या पिल्लाचंही डोकं त्यातून जात नाही, पंजा फक्त मनगटापर्यंत जातो. साप तोंड घालून बघतो आणि वळतो. तार जाड आणि ताठ असल्यामुळे अंगाभोवती आवळत नाही. दोन वर्षांत माझ्याकडे एकही जीव त्यात अडकलेला नाही. माझ्यासाठी या जाळीचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, टोमॅटो त्याच्यानंतर.

विकत घेताना दोन ठिकाणी फसवणूक होऊ शकते, आणि पहिल्या ठिकाणी मी फसलोही. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. सुतात जसा नंबर वाढला की धागा बारीक, तसंच तारेत: 18 गेज जाड, 20 मध्यम, 22 बारीक. बागेला 20 पुरतो. शहरातल्या एका दुकानदाराने मला 20 सांगून 4 फूट बाय 50 फुटांचं बंडल दिलं. घरी आणल्यावर हाताला हलकं लागलं. सुताच्या काट्यावर ठेवलं, 10 किलोसुद्धा भरलं नाही. 20 गेजचं तेवढं बंडल 15-16 किलो भरायला हवं. माझ्या हातात 22 होता. परत नेलं, तो वाद घालत बसला, शेवटी पैसे परत मिळाले. त्यामुळे बंडल वजन करूनच घ्या. फूट मोजून कुणी फसवत नाही, वजनात फसवतात.

दुसरी गोष्ट जस्ताची. जीआय म्हणजे जस्त चढवलेली तार. काही जाळ्यांत तारेवर आधी जस्त चढवतात आणि मग वेल्ड करतात; वेल्डच्या जागी जस्त जळतं आणि पहिला गंज तिथेच धरतो. काहींत जाळी आधी वेल्ड करतात आणि मग सगळी जस्तात बुडवतात. तिथे सांध्यावर जस्ताचा गुळगुळीत फुगवटा दिसतो. पहिल्या प्रकारात सांधा काळपट, करपल्यासारखा दिसतो. डोळ्यांजवळ धरून बघितलं की लगेच कळतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोखंड सुकतच नाही, तेव्हा बुडवलेलीच घ्या, थोडी महाग पडली तरी. मी दुसऱ्या दुकानातून, जुनं दुकान आहे, 3,400 रुपयांना एक अशी तीन बंडलं घेतली. तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी स्वतः उन्हात नेऊन सांधा दाखवला आणि काट्यावर ठेवून दिलं. "मामा, जाळी घरात शिरू देत नाही ते महत्त्वाचं, पण गंज कुठून शिरतो ते आधी बघायचं," असं म्हणाले.

माप असं काढलं. वाफे 16 फूट बाय 8 फूट, म्हणजे भोवताली 48 फूट. जाळीचा पन्हा 4 फूट. दोन पन्हे एकावर एक, मध्ये 3 इंच एकमेकांवर चढवून: 1 फूट जमिनीत, पावणेसात फूट वर. दोन बंडलांत भिंती झाल्या. तिसऱ्यातून छपराला 16 फुटांचे दोन पन्हे, उरले 18 फूट. उंचीवरून सांगाडा करणाऱ्याशी बोलणं झालं. उद्यमबागेतला ओळखीचा फॅब्रिकेटर भाई म्हणत होता पाच फूट पुरे, पाइप वाचेल. बायको म्हणाली, "मी रोज आत जाणार. मला ताठ उभं राहता यायला पाहिजे." तिचंच बरोबर होतं. ज्या पिंजऱ्यात वाकून शिरावं लागतं तिथलं तण कुणी काढत नाही.

सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, त्याला लाल रंग आणि वर चंदेरी. पाइप आणि मजुरी मिळून 11,500 रुपये. जाळी सांगाड्याला वेल्ड करू दिली नाही, कारण तेवढ्या जागी जस्त जळतं. बांधायच्या तारेने दर वितीवर बांधली. ते काम मी आणि पुतण्याने दोन रविवारी केलं. हातमोजे घाला. कापलेल्या कडा सुईसारख्या असतात, माझ्या अंगठ्याला टाका आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागलं. जमिनीतला एक फूट खारीसाठी नाही, ती फारसं खणत नाही, तो घुशीसाठी.

दार हीच या पिंजऱ्याची कमकुवत जागा. पहिल्या महिन्यात दाराखाली दोन बोटांची फट राहिली होती. एक खार आत गेली आणि बाहेरची वाट तिला सापडेना. जाळीवर चढायची, छपराला धडकायची, पडायची. मी आत जाऊन हाकलायला लागलो तर आणखी घाबरली. अक्का भिंतीवरून म्हणाल्या, "दार उघडं ठेवून घरात जावा की, ती आपली जाईल." तसंच केलं. वीस मिनिटांनी ती गेली. नंतर विटांचा उंबरा बांधला आणि दाराच्या खालच्या कडेला जाळीचीच पट्टी लावली. दाराला स्प्रिंग लावा, नातवंडं दार उघडं टाकतात.

फुलांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. टोमॅटो, मिरची, वांगी यांची फुलं स्वतःपुरती असतात, वाऱ्याने हलली तरी फळ धरतं. मी सकाळी टोमॅटोच्या काठ्यांना हलकी टिचकी मारत जातो. लहान मधमाश्या अर्ध्या इंचातून आरामात ये-जा करतात. मोठा काळा भुंगा मात्र जाळीवर घिरट्या घालून परत फिरतो. दोडका आत लावू नका. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग येतात, आणि आतल्या वेलाला माझ्याकडे पहिल्या वर्षी चारच दोडके लागले. दुसऱ्या वर्षी वेल बाहेर काढून कुंपणावर चढवला. कोवळ्या दोडक्याला खार फारशी लागत नाही, त्यामुळे तो बाहेरच बरा. भुईमूग आत आणला, आणि 2024 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा पेरलेला प्रत्येक दाणा जागेवर राहिला.

झाडांना पिंजरा घालता येत नाही. नारळाला जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला. उंदीर आणि खार दोघांचेही पाय त्यावर घसरतात. हा जुना उपाय आहे आणि तो चालतो, कारण नारळ एकटा उभा असतो. पेरूला तोच पत्रा लावून काही झालं नाही. चिकूच्या फांदीवरून, भिंतीवरून खार सहज झेपावते. पेरूला पाच-सहा फूट चहूकडे मोकळं करायचं तर चिकू छाटावा लागेल, आणि आईने लावलेल्या चिकूला मी तेवढ्यासाठी करवत लावणार नाही. म्हणून उरलेल्या जाळीच्या वाट्या केल्या. फूटभर लांबीचा तुकडा वळवून नळी, एका टोकाला बूड, दुसरं टोक फळ आत घालून देठाभोवती तारेने बंद. पेरू लिंबाएवढा झाला की चढवायची. वाटीचा भार देठावर येऊ नये म्हणून ती फांदीला वेगळी बांधायची. आधी मागावरच्या मलमलीच्या पिशव्या करून बघितल्या होत्या. फळमाशीला त्या उत्तम, खारीला एका चाव्याच्या. आता आत मलमल, बाहेर जाळी. अशा 40 वाट्या केल्या. हाताला येणाऱ्या फांद्यांवरच बांधतो. शेंड्याचे पेरू खारींचे आणि वटवाघळांचे.

जांबोटीला बहीण असते. तिने हे सगळं बघून तिच्याकडे करायचं म्हटलं, तेव्हा मीच नको म्हणालो. तिच्या फणसावर शेकरू येतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून आपण त्याचं नाव ऐकतो, पण ते इकडे भीमगडच्या रानातही आहे, आणि तिच्या परसापासून ते रान फार लांब नाही. तांबूस अंग, हातभर शेपटी, फांदीवरून फांदीवर पंधरा-वीस फुटांची उडी. ते उंच झाडांवरच असतं, भाजीच्या वाफ्यात उतरत नाही. तिच्या मिरच्यांसाठी लहान पिंजरा पुरे, फणस शेकरूला असू दे. तिनेही ते ऐकलं.

परड्यात विष ठेवा असा सल्ला मला निदान चार जणांनी दिला, त्यातले दोन घरचेच. उंदरांचं विष खाल्लेली खार लगेच मरत नाही, लडबडत फिरते, आणि तिला मांजर, घुबड किंवा तीच धामण खाते. आमच्या चिकूवर रात्री पिंगळ्याची जोडी बसते. चिकट कागदाचे सापळेही नकोत. जे लावतात त्यांना मी भांडणाच्या तोंडाने नाही, पण हात जोडून सांगतो: एकदा त्यावर अडकलेल्या जिवाला जवळून बघा.

आता पैशाचं. जाळी 10,200, सांगाडा 11,500, तार, रंग, विटा आणि बिजागऱ्या धरून एकूण खर्च 22,800 रुपयांच्या जवळ गेला. भाजी विकत घेऊन हा पैसा वसूल होतो का, असा हिशेब मांडाल तर लवकर नाही होत. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरावर गेला तसं दर वर्षी होत नाही. वाफ्यांचं क्षेत्र याहून लहान असेल, कुंड्या असतील, तर निम्म्यात काम होईल. भाड्याच्या घरात असाल तर जमिनीत पुरू नका, खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून त्यावर विटा ठेवा, पुढे उचलून नेता येतो.

उणिवा सांगायच्या तर लहान उंदीर या जाळीतून शिरतो. त्यावर हिचा उपयोग नाही. छपरावर चिकूची पानं साठतात, ती पावसाआधी झाडावी लागतात, नाहीतर ओली होऊन तिथेच जस्त खातात. दोन पावसाळ्यांनंतर मी एका कोपऱ्यात माती उकरून पुरलेला भाग बघितला: पांढरी भुकटी धरली आहे, लाल गंज अजून नाही. वरचा भाग जसा आणला तसा आहे. छपराचे दोन-तीन सांधे, जिथे पुतण्याने जाळी वाकवताना जस्त तडकलं, तिथे तांबूस ठिपका आहे. त्यावर जस्ताचा रंग लावला.

यंदाच्या जानेवारीत आतल्या बारा झाडांवरून पहिल्या तोडणीला साडेसात किलो टोमॅटो निघाले, एकावरही दात नव्हता. नातीने पिशवी धरली होती. शेडच्या वाशावर यंदाही घरटं आहे, त्यात या वेळी निळा धागा दिसतो, कारण नोव्हेंबरपासून निळ्या काठाचं काम चालू आहे.

माझ्याकडे अजून 5 फूट जाळी शिल्लक आहे. वडगाव, खासबाग, शहापूर या बाजूला कुणाला पेरूच्या वाट्या करून बघायच्या असतील तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. पत्रा कापायची कात्री मात्र बरोबर आणा, माझी भाईकडे गेली आहे.